‘श्टिसेल’ बघताना: कुठला नियम कुठे नडतो

पाणकोंबडा

‘वेबमालिका सुचवा’ या धाग्यावर ‘श्टिसेल’चं नाव तीन-चारदा येऊन गेलं आणि दर वेळी दोन ओळींत विषय संपला. म्हणून हा वेगळा धागा.

आधी तपशील. इस्रायली मालिका, ‘येस’ वाहिनीवर २०१३ साली सुरू झाली. ओरी एलोन आणि येहोनातन इंदुर्स्की हे कर्तेधर्ते, दिग्दर्शन अलोन झिंगमनचं. पहिले दोन सीझन १२-१२ भागांचे, तिसरा ९ भागांचा, एकूण ३३. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये घेतली तेव्हा बाहेरच्या जगाला तिचा पत्ता लागला. त्या मागणीमुळेच पाच वर्षांच्या खंडानंतर तिसरा सीझन निघाला. इंदुर्स्की स्वतः हरेदी, म्हणजे अति-सनातनी ज्यू घरात वाढलेला आणि बने ब्राकच्या पोनेवेझ येशिवात, म्हणजे तरुणांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत, शिकलेला आहे. त्यामुळे घरातल्या बारीकसारीक गोष्टी आतून आलेल्या आहेत.

घर जेरुसलेमच्या गेउला वस्तीतलं. शुलेम (दोव ग्लिकमन) विधुर, मुलांच्या धार्मिक शाळेत शिक्षक. धाकटा अकिवा (मायकेल अलोनी) सव्वीस-सत्तावीसचा होऊनही बिनलग्नाचा आणि चित्रं काढणारा. मुलगी गीती (नेटा रिस्किन), तिचा नवरा लिपा (झोहर स्ट्रॉस), त्यांची मोठी मुलगी रुखामी (शिरा हास). आजी मलका वृद्धाश्रमात. पहिल्या सीझनमध्ये ती भूमिका हाना रीबरने केली, नंतर लेआ केनिगने.

इथे खलनायक नाही, खून नाही, कारस्थान नाही. कथा पुढे सरकते ती नियमांच्या जोरावर. काय खायचं, कोणाशी कुठे बसायचं, कोणाला फारकत द्यायची, किती दिवस शोक करायचा, हे सगळं ठरलेलं आहे, आणि माणसं त्यातून फटी शोधतात. फट सापडली की विनोद, नाही सापडली की रडू. तेव्हा मालिका कशी वाटली हे नका लिहू. कुठल्या प्रसंगात कुठला नियम आड येतो ते लिहा. तिसऱ्या सीझनबद्दल काही असेल तर वर ‘रसभंग’ असं टाका.

लिंबूटिंबू

पहिले दोन भाग पाहिले. सगळे नुसते खातात, सिगरेटी ओढतात आणि उसासे टाकतात. याला विनोदी का म्हणतात?

पाणकोंबडा

शुलेमच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. शाळेतली सेक्रेटरी अलिझा डबा आणते, हा ताव मारतो, आणि ती लग्नाच्या विषयापाशी येऊ लागली की याला एकदम कामं आठवतात. किंवा आजी मलका. जन्मभर टीव्ही न पाहिलेली ही बाई वृद्धाश्रमात खोलीतल्या टीव्हीला अशी चिकटते की मालिकेतल्या पात्रांच्या भल्यासाठी प्रार्थना करू लागते. बायबलातल्या माणसांसाठी करावी तितक्या मनापासून. हसवायला म्हणून कोणी वाक्य फेकत नाही. ठोक विनोद हवा असेल तर ब्रिटनची ‘फ्रायडे नाइट डिनर’ बघा. लंडनचं गुडमन कुटुंब, दर भागात शुक्रवारचं जेवण, २०११ ते २०२०. तिथे धर्म नावापुरता आणि धांदल भरपूर. ‘श्टिसेल’ त्या जातीची नाही.

सुईदोरा

स्थळ बघण्याच्या प्रसंगांबद्दल लिहिते, कारण निम्मी मालिका तिथेच घडते.

हरेदी समाजात शिद्दुख, म्हणजे स्थळ, बहुतेक वेळा मध्यस्थ आणतो आणि त्याची फी असते. क्रम साधारण असा: आधी दोन्ही घरं एकमेकांची चौकशी करतात. येशिवा कुठला, शिक्षक काय म्हणतात, भावंडांची लग्नं कुठे झाली, घरात आजार आहे का, कोणी धर्म सोडून गेलंय का. कागदावर जमलं की मुलगा-मुलगी भेटतात. वरवर कांदेपोहेच, पण इथे चौकशी संपल्यावर मुलगी दिसते आणि घरचे आसपास नसतात.

भेट हॉटेलच्या लॉबीत का? यिखुद हा नियम. एकमेकांशी लग्न न झालेल्या, नात्यात नसलेल्या स्त्री-पुरुषाने बंद जागेत एकटं असायचं नाही. लॉबी सार्वजनिक असते, येजा चालू असते, तरी कोपऱ्यात बसून बोलता येतं. एकेक पेला पाणी किंवा कोला मागवतात, जेवण नाही. शिवाय स्पर्श नाही, हातात हातही नाही. म्हणून अकिवा आणि एलिशेवाच्या (अकिवा जिच्या प्रेमात पडतो ती विधवा) प्रसंगांत कॅमेरा दोघांमधलं टेबल दाखवत राहतो. ते अंतर संवादाइतकंच बोलतं.

रसभंग, तिसरा सीझन: या पद्धतीत चूक कुठे होऊ शकते? लॉबीत एकाच संध्याकाळी अशी दहा जोडपी बसलेली असतात, सगळ्या मुली साधारण एकाच तऱ्हेच्या कपड्यांत, आणि मुलाने फोटोही पाहिलेला नसू शकतो. गीतीचा मुलगा योसाले ज्या शिराला भेटायला जातो तिच्याऐवजी दुसऱ्याच शिराशी बोलत बसतो. आणि तीच आवडते. ती निघते सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) घरातली, यांच्यासारखी अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातली) नव्हे. गीतीचं तोंड बघण्यासारखं होतं. एका नावाच्या गफलतीवर चांगले चार-पाच भाग निघालेत, आणि गफलत पटते.

टवाळ_पंत

एलिशेवाला शुलेमचा एवढा विरोध का? विधवा आहे म्हणून? तो स्वतः विधुर आहे की.

सुईदोरा

विधवाविवाहाला ज्यू धर्मशास्त्रात आडकाठी नाही. विधवेने पोटात बाळ नाही याची खात्री म्हणून ९० दिवस थांबायचं. विधुराने तीन मोठे सण जाऊ द्यायचे: वल्हांडण, शावुओत, सुक्कोत. त्यानंतर दोघं मोकळे.

एलिशेवाचं प्रकरण वेगळं आहे. तिचे दोन नवरे गेलेत. तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथात अशा बाईसाठी ‘कतलानित’ ही संज्ञा आहे आणि तिच्याशी तिसऱ्याने लग्न करू नये असं मत तिथे आहे. पुढच्या धर्मपंडितांनी त्यातून पुष्कळ पळवाटा काढल्या, तरी वस्तीतली कुजबुज थांबत नाही. ही पहिली अडचण. दुसरी, अकिवा ज्या वर्गाला शिकवतो त्यातच तिचा मुलगा आहे, म्हणजे शाळेत चर्चा. तिसरी, ती वयाने मोठी. शुलेम यातलं एकही कारण सरळ सांगत नाही, आडून बोलतो. आयेलेट झुरेरने ती बाई अशी उभी केली आहे की नकार कोणाचा हे शेवटपर्यंत नीट ठरवता येत नाही.

टवाळ_पंत

बरं, दुसरा सीझन. अकिवा आणि लिबी. लिबी ही नुखेमची मुलगी, नुखेम हा शुलेमचा सख्खा भाऊ. म्हणजे चक्क चुलत बहीण! आपल्याकडे मामाची मुलगी चालते, चुलत म्हटलं की कानावर हात. तिथे कोणी ब्र काढत नाही?

पाणकोंबडा

काढतात, पण नात्यावरून नाही. तोरा या मूळ धर्मग्रंथातल्या निषिद्ध नात्यांच्या यादीत चुलत, मामे, आते, मावस यांपैकी एकही भावंड येत नाही. काका-पुतणी चालते, आत्या-भाचा मात्र नाही. गोत्र वगैरे भानगड नाही. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला जिथे धक्का बसतो तिथे पात्रं शांत, आणि पात्रं जिथे हादरतात, म्हणजे मुलगा चित्रकार आहे, तिथे आपण शांत. नुखेमची हरकत तीच आहे: चित्रं सोड, धंद्याला लाग. अँटवर्पहून आलेला हा काका म्हणजे सासन गबाईने केलेली धमाल आहे. पैसा, फुशारकी, भावाशी जुनी खुन्नस. नुखेम आणि लिबीच्या अँटवर्पच्या दिवसांवर ‘कुगेल’ नावाची स्वतंत्र पूर्वकथाही निघाली.

विळी_अडकित्ता

गीतीचं कथानक मला सगळ्यांत घट्ट बांधलेलं वाटतं, आणि त्याची किल्ली ‘गेट’ या कागदात आहे.

लिपा कोशर, म्हणजे धर्मनियमाने खाण्याजोग्या, मांसाच्या कामासाठी अर्जेंटिनाला जातो. हे अगदी खरं चित्र आहे. इस्रायलमधून कसायांची पथकं दक्षिण अमेरिकेतल्या कत्तलखान्यांत महिनोन्‌महिने जातात, कारण जनावर प्रशिक्षित शोखेतने (धार्मिक कसायाने), खाच नसलेल्या सुरीने कापलं तरच मांस कोशर. लिपा तिकडून परत येणार नाही असं कळतं. गीती कोणाला सांगत नाही. भावाला नाही, बापाला नाही.

कारणं दोन. ज्यू घटस्फोट नवऱ्याने बायकोच्या हातात गेट दिल्याशिवाय होत नाही. तो लेखनिक त्या एका जोडप्यासाठी हाताने लिहितो. १२ ओळी, दोघांची नावं टोपणनावांसकट, गावाचं नाव, तिथली नदी किंवा झरे, दोन साक्षीदारांच्या सह्या. नावात अक्षर चुकलं तर कागद बाद. नवरा बेपत्ता किंवा अडून बसलेला असेल तर बाई ‘अगुना’, अडकलेली. तिला दुसरं लग्न नाही. केलंच तर त्या संबंधातली मुलं ‘मामझेर’ ठरतात आणि त्यांना साध्या ज्यू घरात लग्न करता येत नाही.

दुसरं कारण वर सुईदोरांनी दिलेल्या चौकशीत आहे. ‘बाप पळाला’ एवढे दोन शब्द बाहेर गेले की रुखामीपासून खालच्या सगळ्या मुलांच्या स्थळांची पत घसरते. म्हणून गीती उंबऱ्याबाहेर हसतमुख. तिच्या घरात रुखामी रात्री धाकट्यांना बाहेरच्या कादंबऱ्या वाचून दाखवते आणि नायिकेचं नाव बदलून ज्यू करून टाकते. घरात बंदी असलेल्या गोष्टी अशाच आत येतात, नाव बदलून.

नारळीपौर्णिमा

गेट आणि मामझेर वाचून राहवलं नाही, कारण याचा थेट मराठी माणसांशी संबंध आला होता.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबाग, पेण, रोहा भागात तेलाच्या घाण्यांवर काम करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं गावावरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर. इस्रायल झाल्यावर हजारोंनी तिकडे गेले. १९६०च्या सुमारास तिथल्या काही रब्बींनी (धर्मगुरूंनी) त्यांची लग्नं लावायला नकार दिला. शंका हीच, की कोकणात पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हते, मग फारकती शास्त्रानुसार गेट देऊन झाल्या असतील का? नसतील तर पुढची मुलं मामझेर असू शकतात. १९६२ मध्ये प्रमुख रब्बीपीठाने विवाहनोंदणी अधिकाऱ्यांना सांगितलं की बेने इस्रायल आणि इतर ज्यूंच्या लग्नाआधी वंशाची जमेल तितकी मागे जाऊन चौकशी करा. त्यावर आंदोलन झालं, १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं, संसदेने भेदभावाविरुद्ध ठराव केला आणि त्या सूचनेतून बेने इस्रायलांचं नाव निघालं.

योसालेच्या सेफार्दी शिरावर गीती नाक मुरडते ते पाहताना हा इतिहास आठवतो. मालिकेतलं जग अश्केनाझी हरेदींचं आहे. रामला, लोद, दिमोना, बेरशेबा इथले मराठी बोलणारे ज्यू त्यात कुठेच दिसत नाहीत, आणि गेउलात ते दिसणंही कठीणच. जेवणही वेगळं. मांस आणि दूध एकत्र नको हा नियम दोघांचा, पण कोकणातल्या घरी नारळाचं दूध हाताशी असल्याने तो कधी नडला नाही. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, रोश हशानाला (ज्यू नववर्षाला) गव्हाच्या चिकाचा हलवाही त्याच दुधात.

लिंबूटिंबू

खाण्याआधी सगळे काहीतरी पुटपुटतात आणि समोरचा ‘आमेन’ म्हणतो. सबटायटलमध्ये काहीच येत नाही. मंत्र एकच असतो का?

विळी_अडकित्ता

एकच नाही, सहा आहेत, आणि पदार्थावरून ठरतो. पावासाठी एक (त्याआधी दोन कानांच्या भांड्याने हात धुवायचे), केक-बिस्किटं-शेवया यांना दुसरा, द्राक्षाच्या वाइनला तिसरा, झाडाच्या फळांना चौथा, जमिनीतल्या भाजी-फळांना पाचवा, आणि पाणी, मांस, अंडी, गोळ्या-चॉकलेट अशा उरलेल्या सगळ्याला सहावा, ‘शेहाकोल’. शुलेम पेला उचलतो तेव्हा बहुतेक हाच कानावर पडतो. ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचं. केळं झाडाचं की जमिनीचं? जमिनीचं धरतात, कारण दरवर्षी खोड मरून नवं येतं. पावाने सुरुवात केली तर त्या जेवणातल्या बहुतेक पदार्थांना वेगळा मंत्र लागत नाही. नारळीपौर्णिमा, मलिद्याच्या ताटातही हा हिशोब असतो ना?

नारळीपौर्णिमा

हो. मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हनावी या संदेष्ट्याचं स्तवन. त्या ताटात खजूर-सफरचंद झाडाचं, केळं जमिनीचं, त्यामुळे प्रार्थना एकापाठोपाठ वेगवेगळ्या.

सुईदोरा

खाण्यावर आलोच आहोत तर जेरुसलेमी कुगेल. गेउलाच्या खानावळीत शुक्रवारी हाच मिळतो. शेवयांचा, गोडही आणि तिखटही, तपकिरी वडीसारखा कापायचा. दूध-लोणी नसल्याने मांसाच्या जेवणात चालतो.

बारीक शेवया ४०० ग्रॅम, तेल अर्धा कप, साखर पाऊण ते एक कप, अंडी ४, मीठ दीड चमचा, जाडसर कुटलेली काळी मिरी दीड ते दोन चमचे. मिरी कमी करू नका, ती गेली की नुसता शिरा होतो.

शेवया उकळून निथळून घ्या, किंचित कच्च्या ठेवा. जाड बुडाच्या कढईत तेल आणि साखर मध्यम आचेवर. तेलात साखर विरघळत नाही, आधी गोळे होतील, तेल वेगळं दिसेल, घाबरू नका. ८ ते १२ मिनिटांत गडद मधाच्या रंगावर आली की लगेच शेवयांवर ओता. फुरफुरतं, लांब चिमटा वापरा. हलवून दहा-पंधरा मिनिटं गार करा, मग फेटलेली अंडी, मीठ, मिरी. तेल लावलेल्या भांड्यात १७५ अंशावर तासभर, वर कुरकुरीत होईपर्यंत. शाब्बाथची (शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतिदिवसाची) पद्धत म्हणजे झाकण घट्ट लावून १०० ते ११० अंशावर रात्रभर, त्याने आतपर्यंत रंग चढतो. सोबत खारवलेली काकडी हवीच.

टवाळ_पंत

हे मी वाचतोय की रुचिरा विभागात आलो? असो. माझा आक्षेप: मालिका हरेदी जगाला फार गोंडस करते. सक्तीची लष्करी भरती आणि त्यावरून होणारा राडा नाही. पुरुष दिवसभर येशिवात शिकणार, बायका कमावून घर चालवणार, त्याचा ताण फक्त गीतीपुरता. वस्तीची दडपशाही, नैतिक पहारेकरी, काहीच नाही.

पाणकोंबडा

राजकारण नाही हे खरं, आणि ते मुद्दाम आहे. राज्यसंस्था या घरांत डोकावते ती अशी की स्वातंत्र्यदिनाची विमानं शाळेच्या खिडकीबाहेरून जातात आणि पोरांनी बघायचं की नाही यावर शुलेम अडतो. पण गोंडस? रसभंग, तिसरा सीझन: रुखामीला गरोदरपण जिवावर बेतू शकतं. मूल हवं ही समाजाची अपेक्षा, त्यात हनिनासारखा गरीब, अभ्यासू नवरा, आणि सरोगसी करायची तर रब्बीला काय विचारायचं, बाळाची आई कोण धरायची, सगळ्यांपासून लपवायचं कसं. शिरा हासचे ते भाग पाहून गोंडस म्हणायचं धाडस होणार नाही. दडपशाही करायला पोलीस लागत नाहीत, शेजारीण पुरते, हे मालिका व्यवस्थित दाखवते.

टवाळ_पंत

शेजारीण पुरते हे मान्य. भरतीचा मुद्दा मी सोडत नाही.

विळी_अडकित्ता

नव्याने बघणाऱ्यांसाठी काही सूचना. डबिंग नको, मूळ आवाज आणि सबटायटल. शुलेम आई आणि भावाशी यिद्दिशमध्ये बोलतो, मुलांशी बरंचसं हिब्रूत. भाषा कधी बदलते यावरून कोण कोणाला मोठं मानतो, कोण चिडलंय ते कळतं, आणि डबिंगमध्ये हे सपाट होतं. हिब्रू घोगरी, यिद्दिश जर्मनच्या वळणाची, दोन भागांत कान सरावतो.

शुक्रवारच्या प्रसंगात घाई का असते? जेरुसलेममध्ये शाब्बाथच्या मेणबत्त्या सूर्यास्ताच्या ४० मिनिटं आधी लावतात, इतरत्र बहुधा १८. शाब्बाथ लागल्याचा भोंगा वाजला की गाडी, फोन बंद, विजेच्या बटणांना आणि चुलीला हात लावायचा नाही. चोलेंत (घेवडा, जव, बटाटा, मांस) आधीच अर्धाअधिक शिजवून आचेवर झाकलेल्या पत्र्यावर किंवा आधीच चालू केलेल्या विजेच्या हॉटप्लेटवर ठेवलेला असतो, शनिवारी दुपारपर्यंत. म्हणून भांडणं एकतर भोंग्याआधी उरकतात किंवा शनिवारी रात्री तारे दिसल्यावर फोनवर सुरू होतात.

शयनघरात नवरा-बायकोचे दोन वेगळे पलंग दिसले तर भांडण समजू नका. पाळीच्या काळात आणि त्यानंतरचे सात स्वच्छ दिवस स्पर्श नाही, म्हणून पलंग वेगळे करता येतील असेच घेतात.

लिंबूटिंबू

सहाव्या भागापर्यंत आले, आता थांबवत नाहीये. शुलेम कोणाला शिव्या घालतो ते ‘रेशोयिम अरुरिम’ (मेले पापी) पाठ झालं. एक अडचण: कुगेलची साखर ओतल्याबरोबर दगड झाली, शेवयांत खडे. आणि ओव्हन नाही.

सुईदोरा

शेवया गार झाल्या होत्या किंवा पाणी राहिलं होतं. गार शेवयांवर पाक पडला की गोठतो, पाणी असेल तर गोठतो आणि वर उडतोही. निथळल्यावर कोमट कढईत परतून ठेवा, पाक पडेपर्यंत गरम राहू द्या. आत्ता झालेले खडे फेकू नका, भाजताना बरेचसे वितळतात. अंडी घातल्यावर पांढरे तुकडे दिसले तर मिश्रण जास्त गरम होतं. कडू लागला तर पाक करपला, त्याला इलाज नाही, परत करा. बाजारातल्या भाजक्या शेवया दोन-तीन मिनिटांतच काढा, नाहीतर लगदा.

ओव्हन नसेल तर जाड कढईला तेल लावून मिश्रण दाबून भरा, खाली लोखंडी तवा, वर घट्ट झाकण, अगदी मंद आचेवर ३५-४० मिनिटं. मग ताटलीवर उलटवून दुसरी बाजू १० मिनिटं झाकणाशिवाय. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, वड्या मोडतात.